परतीच्या घाटात गाडी तापते: लक्षणे, तपासणीचा क्रम आणि बंद गाडी सुरक्षितपणे ओढून नेणे

ओंकारेश्वर, महेश्वर किंवा धुळे-नाशिककडून इंदूरला परतताना घाटात गाडी तापल्याची तक्रार दर उन्हाळ्यात आमच्या गॅरेजात येते, आणि ती सांगणारे बहुतेक जण पुढे एक वाक्य हमखास जोडतात, की जाताना काहीच झाले नव्हते. जाताना काही होण्याचे कारणही नव्हते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि महेश्वर दीडशे मीटरच्या आसपास, त्यामुळे माळव्यातून निमाडात उतरताना इंजिनाला फारसे कष्टच पडत नाहीत. परतताना मात्र दुपारचे ४४-४५ अंशांचे ऊन, पाच माणसे, सामानाने भरलेली डिकी, चालू एसी आणि सिमरोलच्या अलीकडचा भेरूघाट, मानपूरचा घाट किंवा जाम दरवाज्याची चढण हे सारे एकाच वेळी वाट्याला येते. दोष बहुधा आधीपासूनच गाडीत असतो. सपाट रस्त्यावर ताशी ७०-८० च्या वेगाने समोरून येणारा वारा तो झाकून ठेवतो. घाटात ट्रकच्या मागे दहा-पंधराच्या वेगाने चढू लागलो की तो वारा थांबतो आणि झाकलेले उघडे पडते.

लक्षणे

तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या वर सरकणे हे सर्वांना माहीत असलेले लक्षण आहे, परंतु अनेक नव्या गाड्यांत काटाच नसतो. त्यांत इंजिन गार असताना निळा दिवा आणि अति तापल्यावर लाल दिवा एवढीच सोय असते, आणि लाल दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. अशा गाडीच्या मालकाने त्याआधीच्या खुणा ओळखायला शिकले पाहिजे. चढावर एसीची हवा एकाएकी कोमट होते, कारण इंजिन तापू लागल्यावर पुष्कळ गाड्यांतील यंत्रणा एसीचा कॉम्प्रेसर स्वतःहून बंद करते. एक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढत नाही. डॅशबोर्डच्या मागून खळखळ ऐकू येते, म्हणजे कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) वाटेत हवा शिरली आहे. केबिनमध्ये किंवा बॉनेटजवळ गोडसर वास येतो, तो सांडलेल्या कूलंटचा असतो.

एका फसव्या लक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे. वर चढलेला काटा अचानक खाली आला तर गाडी आपोआप गार झाली असे समजून पुढे जाऊ नये. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच निघून गेले की तो कोरडा पडतो आणि खोटे आकडे दाखवतो. अशा वेळी हीटर चालू करून पाहावा. इंजिन तापलेले असूनही हीटरमधून गार हवा आली, तर कूलंट उरलेले नाही असे धरून गाडी ताबडतोब बंद करावी.

गाडी केव्हा तापते हे नीट आठवून सांगितले, तर निम्मे निदान तिथेच होते. सिग्नलवर किंवा इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर गार होते, तर संशय पंख्यावर घ्यावा. गर्दीत ठीक असते पण महामार्गावर वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर (कूलंट गार करणारी पुढची जाळी) आतून वा बाहेरून तुंबला असण्याची, कूलंट कमी असण्याची किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) पूर्ण उघडत नसल्याची शक्यता अधिक. सकाळी गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच, कुठेही तापत असेल, तर दोष गंभीर आहे आणि घरच्या घरी तो सुटण्याची आशा धरू नये.

तापल्यावर पहिली काही मिनिटे

इंजिनाचे मोठे नुकसान मूळ दोषाने क्वचितच होते. ते "एवढा चढ संपू दे" या आग्रहाने होते. काटा नुकताच मध्याच्या वर गेला असेल, वाफ नसेल आणि लाल दिवाही नसेल, तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात ठेवावा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबावे. हीटर हा खरे तर छोटा रेडिएटरच असतो, म्हणून निमाडातल्या उन्हात तो चालू करणे कितीही जाचक वाटले तरी तो इंजिनाची उष्णता बाहेर काढतो. थांबल्यावर पंखा फिरत असल्यास इंजिन न्यूट्रलमध्ये दोन-तीन मिनिटे चालू ठेवले तरी चालते. लाल दिवा लागला असेल, वाफ येत असेल किंवा पंखा फिरत नसेल, तर मात्र इंजिन लगेच बंद करावे.

त्यानंतर किमान अर्धा ते पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असलेले मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळते. झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे हाच उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या आसपास जातो. झाकण उघडले की दाब एका क्षणात नाहीसा होतो, आतले सारे द्रव एकदम उकळून उसळते आणि चेहरा व हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर बाटलीतले गार पाणी ओतणे हाही तितकाच वाईट प्रकार आहे, कारण अचानक आकुंचन पावून इंजिनाच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या भागाला, म्हणजे हेडला, तडा जाऊ शकतो.

गाडी शक्यतो वळणावर उभी करू नये. हॅझर्ड दिवे लावावेत, परावर्तक त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवावा आणि मागे वळण असेल तर तो वळणाच्याही अलीकडे ठेवावा, म्हणजे येणाऱ्या ट्रकला गाडी दिसण्यापूर्वी सूचना मिळेल. चाकांना दगड लावले असतील तर निघताना ते आठवणीने उचलून रस्त्याच्या बाहेर टाकावेत; रस्त्यात राहिलेला दगड रात्री दुचाकीवाल्याचा जीव घेतो. माणसांनी गाडीत किंवा गाडीच्या मागे न थांबता कठड्याच्या पलीकडे सुरक्षित जागी उभे राहावे.

तपासणी, स्वस्तापासून महागाकडे

पहिली तपासणी फुकट आहे. सकाळी गार इंजिनावर कूलंटच्या टाकीतील पातळी किमान आणि कमाल या खुणांच्या मध्ये आहे का, ते पाहावे. पातळीबरोबर रंगही पाहावा. हिरवे, गुलाबी किंवा निळे स्वच्छ द्रव दिसले तर ठीक. तांबूस गढूळ पाणी दिसले, तर कोणीतरी वेळोवेळी साधे पाणी भरत आले आहे. आपल्याकडे बोअरिंगचे पाणी जड असते. त्यातले क्षार तापल्यावर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आणि साध्या पाण्यात गंज रोखणारी द्रव्येही नसतात. वाटेत अडचण असेल तर पिण्याचे पाणी भरून घर गाठण्यात काही चूक नाही, मात्र परतल्यावर ते सगळे काढून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्याबरोबर योग्य प्रमाणात भरले पाहिजे. निव्वळ रंग जुळतो म्हणून वेगवेगळ्या प्रकारची कूलंटे एकत्र करू नयेत.

पातळी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा खाली जात असेल, तर वर भरत राहणे ही दुरुस्ती नव्हे. कूलंट बंदिस्त वाटेत फिरते आणि पेट्रोलसारखे खर्च होत नाही. ते कमी होते म्हणजे कुठून तरी जाते, आणि पुढच्या साऱ्या तपासण्या त्या "कुठून"चा शोध आहेत.

दुसरी वस्तू झाकण. काही शे रुपयांत मिळणाऱ्या या वस्तूकडे मिस्त्रीसुद्धा सहसा पाहत नाहीत. झाकणातली स्प्रिंग ढिली झाली किंवा रबरी सील चिरले की दाब टिकत नाही, उत्कलनबिंदू खाली येतो आणि एरवी निभावून गेलेले तापमान घाटात उकळी आणते. झाकणाच्या कडेला पांढरे किंवा हिरवट डाग दिसले, सील कडक झाले असेल, तर फार विचार न करता ते बदलावे. नवे झाकण त्याच दाबाचे हवे; अधिक दाबाचे झाकण बसवल्यास जुने पाइप फुटतात.

तिसरी तपासणी रेडिएटरच्या जाळीची. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर त्याच्या मागे अशी रचना असल्यामुळे पुढून पाहिल्यावर जाळी स्वच्छ दिसते, आणि कचरा या दोहोंच्या मधल्या फटीत बसलेला असतो. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत उडणारा भुसा, निमाडातला कापूस, रात्रीच्या प्रवासात आदळलेले किडे आणि पावसाळ्यात उडालेली काळी माती यांचा तिथे अक्षरशः नमदा तयार झालेला मी पुष्कळदा काढला आहे. तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, पाण्याच्या सौम्य धारेने धुवावा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पातळ पट्ट्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

चौथा क्रम पंख्याचा. इंजिन चालू करून एसी लावला की बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो. तो फिरला नाही, तर प्रथम फ्यूज पाहावा, मग रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच). शेजारच्या त्याच क्रमांकाच्या रिलेशी अदलाबदल करून पाहणे ही जुनी आणि उपयोगी युक्ती आहे. त्यानंतर मोटारीचा कनेक्टर जळाला आहे का, ते पाहावे. दोन वेगांचा पंखा असलेल्या गाड्यांत एक वेगळाच दोष आढळतो. कमी वेगासाठी वीज रोखून धरणारा रेझिस्टर जळतो, आणि पंखा फिरतो तो थेट जास्त वेगाने व उशिराने. मालक सांगतो, पंखा तर चालतो. तो खोटे बोलत नाही, पण घाटात तेवढा उशीर पुरेसा असतो. पंखा तपासताना हात, ओढणी, मफलर दूर ठेवावेत. इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो.

पाइप आणि क्लॅम्प गार इंजिनावर हाताने दाबून पाहावेत. फुगलेला, स्पंजासारखा मऊ किंवा चिरा पडलेला पाइप बदलावा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला तर सकाळी गळती कोणत्या बाजूला आहे ते कळते. एसीचे पाणी रंगहीन असते, कूलंटचा डाग रंगीत आणि चिकट.

इथवरच्या तपासण्या कोणत्याही सावध मालकाला जमतात, आणि घाटात तापणाऱ्या बऱ्याच गाड्यांचे प्रकरण याच टप्प्यात मिटते. थर्मोस्टॅटपासून पुढे हत्यारे आणि अनुभव दोन्ही लागतात. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागतो. इंजिन पुरेसे तापूनही रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन मुख्य पाइपांपैकी एक चटका देणारा आणि दुसरा गारच राहिला, तर तो अडकला असण्याची शक्यता मोठी. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात ठेवून पाणी तापवले, तर तो उघडतो की नाही हे डोळ्यांनी दिसते. "तो काढूनच टाका, आपल्या हवेत त्याची गरज नाही" हा सल्ला मात्र मानू नये. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त लागते, आणि काही इंजिनांत बाजूची वाट उघडी राहून कूलंट रेडिएटरला टाळून फिरते, म्हणजे गाडी आणखी तापते.

कूलंट फिरवणारा वॉटर पंप जुना झाला की त्याच्या खालच्या छोट्या छिद्रातून कूलंट झिरपते किंवा बेअरिंग घरघरते. अनेक इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ राखणाऱ्या दातेरी पट्ट्यावर) चालतो. तिथे घरी हात घालू नये. बेल्टचे दात चुकले तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकून पंपाच्या अनेक पट खर्च येऊ शकतो.

कुठे थांबावे

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली, तरी तपासणी तिथेच थांबवावी, गाडी पुन्हा सुरू करू नये आणि क्रेन बोलवावी. सायलेन्सरमधून सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर येणे. ऑइलच्या कांडीवर कॉफीत दूध मिसळल्यासारखा रंग दिसणे. गार इंजिन सुरू करताच कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणे, किंवा मिनिटाभरात वरचा पाइप दगडासारखा कडक होणे. बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत राहणे. ही हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनाच्या मधले सील) गेल्याची चिन्हे आहेत. या अवस्थेत चालवलेला प्रत्येक किलोमीटर हेड वाकवण्याच्या दिशेने नेतो, आणि गॅस्केटच्या खर्चात सुटणारे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते. गळती बंद करण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय आजही सांगितला जातो. हळद भोक बुजवते हे खरे, पण ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या निरोगी नळ्याही बुजवते. नंतर ती साफ करताना होणारा त्रास मी जाणतो, म्हणून हा उपाय माझ्या दृष्टीने वर्ज्य आहे.

गाडी ओढून नेणे

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे आणि कोणत्याही रस्त्यावर जिवाला धोका वाटल्यास ११२ लावावा. बऱ्याच विमा पॉलिसींत आणि नव्या गाड्यांच्या वॉरंटीत रस्त्यावरील मदत समाविष्ट असते. तो क्रमांक निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावा, कारण घाटात रेंज जाते आणि ॲप उघडत नाही.

सर्वात उत्तम म्हणजे सपाट पाठीच्या वाहनावर चारही चाके उचलून गाडी नेणे. ऑटोमॅटिक, सीव्हीटी, चारही चाकांना ताकद जाणाऱ्या, हायब्रिड आणि विद्युत गाड्यांसाठी तर याला पर्याय नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली तर आतले भाग कोरडे घासले जातात. "न्यूट्रलमध्ये टाकली की झाले" असे सांगणाऱ्या क्रेनवाल्याला अशा वेळी नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा.

दोराने ओढणे हा केवळ मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी, सपाट रस्त्यावर, थोड्या अंतराचा आणि नाइलाजाचा मार्ग आहे. घाटात, मग तो चढ असो वा उतार, दोराने गाडी ओढू नये, या बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर संपते, स्टीअरिंग जड होते, आणि उतारावर मागची गाडी पुढच्या गाडीवर जाऊन आदळते.

मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ प्रमाणे ओढून नेताना वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा आणि दोन गाड्यांतील अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावे. या दोन आकड्यांचा एकत्र विचार करावा. ताशी २५ च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ७ मीटर जाते, म्हणजे पुढच्याने ब्रेक मारल्यावर मागच्याला एक सेकंदही मिळत नाही. म्हणून मागच्या गाडीत परवाना असलेला, अनुभवी आणि शांत डोक्याचा चालकच हवा. दोर सतत ताणलेला ठेवणे हे काम त्याचे. पुढचा वेग कमी करू लागताच त्याने हलका ब्रेक लावून झोळ पडू देऊ नये. निघण्यापूर्वी थांबण्याच्या आणि वळण्याच्या हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात, कारण हॅझर्ड दिवे चालू असताना पुष्कळ गाड्यांचे इंडिकेटर काम करत नाहीत.

किल्ली "ऑन" स्थितीत ठेवलीच पाहिजे. ती काढली तर पहिल्याच वळणावर स्टीअरिंग लॉक होते.

दोर म्हणून साखळी किंवा तारेचा दोर नको. त्यांत लवचीकपणा नसतो आणि पहिल्या झटक्यात हूक उपटून येतो. गाडीच्या वजनाला पुरेसा, ताकदीचा आकडा छापलेला रुंद नायलॉन पट्टा वापरावा आणि त्याच्या मध्यावर लाल किंवा पांढरे फडके बांधावे, म्हणजे मधून निघू पाहणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसेल. पट्टा फक्त गाडी ओढण्यासाठी दिलेल्या टो हूकलाच अडकवावा. अनेक गाड्यांत हा हूक स्टेपनीजवळच्या हत्यारांत ठेवलेला असतो आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून आट्यांवर पूर्ण घट्ट बसवावा लागतो. काही गाड्यांत आटे उलट दिशेचे असतात, त्यामुळे बसत नाही म्हणून जबरदस्ती करण्यापूर्वी दुसऱ्या बाजूला फिरवून पाहावे. बंपर, टाय रॉड किंवा सस्पेन्शनच्या हाताला पट्टा बांधणे म्हणजे नवे काम ओढवून घेणे. पट्टा ताणला जात असताना त्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. तुटलेला पट्टा माणसाचा पाय मोडतो.

गॅरेजात पोहोचल्यावर गाडी "सुरू करून दाखवा" असे सांगितले तरी आधी नकार द्यावा आणि कूलंटच्या वाटेची तसेच झाकणाची प्रेशर टेस्ट करून घ्यावी. हेड उघडावे लागलेच, तर नवे गॅस्केट बसवण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग मशीन शॉपमध्ये सरळपट्टीवर तपासून घ्यावा आणि वाकलेला असल्यास घासून सपाट करावा, अन्यथा तीच गाडी पुढच्या उन्हाळ्यात त्याच घाटात पुन्हा उभी राहते.